एक मिनिट पंचेचाळीस सेकंद

लंडनला भाचीकडे पोचलो त्या रात्रीच तिनं विचारलं, "मामा, काय काय बघायचंय ते सांग, म्हणजे तशी सुट्टी टाकते."

मी म्हटलं, "व्हाइट सिटी आणि हर्न हिल."

"व्हाइट सिटीत मॉल आहे रे. मॉल बघायला पुण्याहून आलास?"

मग तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आमच्या पेठेत गणेशोत्सवात मंडळ हळू सायकलची शर्यत घ्यायचं. फक्कीच्या दोन रेघा आणि मध्ये वीसेक पावलांचं अंतर. जो सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला, आणि पाय टेकला की बाद. मी भाड्याची सायकल आणून आठ-आठ दिवस सराव करायचो. हॅन्डल डावीकडे वळवायचं, पुढचा ब्रेक अर्धा दाबायचा, उजव्या पायडलवर नुसता भार ठेवायचा. मांड्या थरथरायला लागायच्या. तीन वर्षं लागोपाठ मी ती शर्यत जिंकली आणि तिन्ही वर्षं स्टीलचा डबा मिळाला. त्यातला एक आजही स्वयंपाकघरात आहे. त्यात आई मेथ्या ठेवायची.

नंतर, कॉलेजात असताना, १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमधल्या एका सायकल शर्यतीबद्दल वाचलं आणि ती डोक्यातून गेलीच नाही. पुरुषांची एक हजार मीटरची स्प्रिंट, १६ जुलै १९०८. अंतिम फेरी झाली, एक जण पहिला आला, आणि पदक कुणालाच मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वुड लेन स्टेशनवर उतरलो. मॉल डावा टाकून पुढे गेलं की बीबीसीच्या जुन्या इमारतींचा परिसर लागतो. ती शर्यत झाली ते स्टेडियम तिथे होतं, १९८५मध्ये पाडलं. आता काचेच्या इमारती, मधल्या मोकळ्या जागेत खुर्च्या, कॉफी घेऊन बसलेली माणसं. आणि पायाखाली फरसबंदीत १९०८च्या शर्यतींच्या अंतिम रेषेची खूण. जवळच त्या ऑलिम्पिकमध्ये कोणत्या देशाला किती पदकं मिळाली याची यादी आहे. पदकच न दिलेली शर्यत त्या यादीत कुठून असणार? तरी मी ती दोनदा वाचली.

त्या खुणेवर उभं राहून मी डोळ्यांपुढे सगळं उभं करायचा प्रयत्न केला. फ्रँको-ब्रिटिश प्रदर्शनासाठी उभारलेल्या पांढऱ्या इमारतींवरून त्या भागाला व्हाइट सिटी नाव पडलं आणि प्रदर्शनाला लागूनच हे स्टेडियम बांधलं. बाहेरच्या बाजूला सायकलचा ६६० यार्डांचा, म्हणजे सुमारे ६०३ मीटरचा ट्रॅक. त्याच्या आत धावण्याचा ट्रॅक, आणि त्याच्याही आत शंभर मीटर लांब पोहण्याचा तलाव. एकाच मैदानात सगळं. त्या जुलैत पाऊसही भरपूर झाला.

अंतिम फेरीत चौघे होते. इंग्लंडचे तिघे, बेंजामिन जोन्स, क्लॅरेन्स किंग्जबरी, व्हिक्टर जॉन्सन, आणि एकटा फ्रेंच, वीस वर्षांचा मोरिस शिल. तिघे इंग्रज काही साधेसुधे नव्हते. त्याच ऑलिम्पिकमध्ये जॉन्सननं ६६० यार्डांची शर्यत जिंकली, किंग्जबरीनं वीस किलोमीटरची, जोन्सनं पाच हजार मीटरची. शिलही आंद्रे ओफ्रेबरोबर दोघांच्या टँडेम सायकलवर सुवर्ण जिंकून गेला. म्हणजे चौघेही त्या वर्षीचे सुवर्णपदकवाले.

नियम असा होता की हजार मीटर एक मिनिट पंचेचाळीस सेकंदांत संपलेच पाहिजेत. तो का केला हे समजून घ्यायला स्प्रिंट समजावी लागते. पुढच्या सायकलस्वाराला सगळी हवा स्वतः कापावी लागते, मागचा त्याच्या आडोशाला राहून ताकद राखतो आणि शेवटच्या दोनशे मीटरांत उसळी मारून पुढे जातो. त्यामुळे पुढे जायला कुणी राजी नसतं. सगळे एकमेकांकडे बघत रेंगाळतात, कधी कधी जागच्या जागी उभे राहतात. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, हे खेळतायत की फसवतायत? या रेंगाळण्याला आळा बसावा म्हणून ती वेळ ठरवलेली.

त्या दिवशी किंग्जबरी आणि जॉन्सन या दोघांचेही टायर पंक्चर झाले. उरले शिल आणि जोन्स. दोघेही दुसऱ्यानं पुढे व्हावं म्हणून वाट बघत राहिले, शेवटी एकदम सुटले आणि शिल काही इंचांनी पुढे निघाला. घड्याळात वेळ उलटून गेली होती. पंचांनी शर्यत रद्द ठरवली. ती पुन्हा घेतलीही नाही.

इथे भाचीनं फोनवर हिशेब करून दाखवला. एक मिनिट पंचेचाळीस सेकंदांत हजार मीटर म्हणजे ताशी चौतीस किलोमीटर. "मामा, हा काही हळू वेग नाही. मी ऑफिसला सायकलवर जाते ती अठरानं." खरंच आहे. रेंगाळायला जागा अशी थोडीशीच होती, आणि रेंगाळल्याशिवाय ही शर्यत खेळताच येत नाही. मला वाटतं, पंच चुकले. नियम आधी सांगितला होता, तो मोडला, हे सगळं मान्य. पण जोन्स पुढे न जाता थांबला म्हणून शिलही थांबला, आणि तेवढ्या तोलामोलाच्या माणसाला त्यानं शेवटी हरवलं. त्याच्या गळ्यात पदक पडायलाच हवं होतं. माझ्या मेथ्यांच्या डब्याची शपथ घेऊन सांगतो.

एक गोष्ट राहून राहून आठवत होती. राजे सातवे एडवर्ड यांनी या स्टेडियममध्ये १३ जुलै १९०८ला ऑलिम्पिकचं उद्घाटन केलं, त्याच दिवशी मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्यांवरचा राजद्रोहाचा खटला सुरू झाला. शिल आणि जोन्स एकमेकांची वाट बघत होते त्या गुरुवारी टिळक ज्यूरीपुढे स्वतःची बाजू मांडत उभे होते. २२ तारखेच्या रात्री सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लहानपणापासून पाठ असलेल्या या तारखा लंडनच्या फरशीवर उभं राहून मोजल्या तेव्हा घसा दाटला. ज्या उत्सवात मी सायकल चालवली तो सार्वजनिक करण्यात त्यांचाच वाटा होता.

दुपारी जेवून हर्न हिल गाठलं. व्हिक्टोरियाहून गाडी मिळते. स्टेशनपासून बरबेज रोडवर चालत गेलं की नेटक्या घरांच्या रांगेत मधेच एक गल्ली आत वळते. पुढे काही असेल असं वाटतच नाही आणि एकदम ट्रॅक समोर येतो. १८९१पासून इथे सायकली धावतायत. गुड फ्रायडेची शर्यत १९०३मध्ये सुरू झाली. व्हाइट सिटीतलं सगळं गेलं, पण त्या काळाला साक्षी असलेला हा ट्रॅक लोकांनी जपून ठेवला. १९४८च्या ऑलिम्पिकमधल्या ट्रॅक शर्यतीही इथेच झाल्या. स्प्रिंटमध्ये इटलीच्या मारियो घेल्लानं इंग्लंडच्या रेग हॅरिसला घरच्या प्रेक्षकांसमोर हरवलं.

ट्रॅक साडेचारशे मीटरचा, वळणांवर उतार बेताचा. संध्याकाळी मुलांचा सराव चालू होता. कुंपणाला टेकून उभे राहिलो. अगदी हाताच्या अंतरावर एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा वळणावर येऊन थांबला. पाय न टेकता. त्या सायकलला ब्रेक नव्हता, फ्रीव्हीलही नव्हतं. चाक फिरलं की पायडल फिरणारच, त्यामुळे पायडल उलटं दाबलं की सायकल मागे सरकते. पुढचं चाक त्यानं उताराच्या वरच्या अंगाला वळवलं होतं. सायकल खाली यायला बघे, की तो पायडलवर किंचित भार देई, ती वर सरके, तो भार काढी, ती परत खाली. जेमतेम दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. पोटरीतली शीर दोरीसारखी ताणलेली. डोळे मात्र मागच्या सोबत्यावर, खांद्यावरून, पापणी न हलवता. आमच्या पेठेत ब्रेक दाबून जे करायचो ते हा पोरगा उताराच्या मदतीनं करत होता. माझी उजवी टाच आपोआप उचलली गेली.

भाचीनं हळूच फोन काढला. "तुझा नियम लावते. दोन फेऱ्या म्हणजे नऊशे मीटर, चौऱ्याण्णव सेकंद मिळतील." दोघं पुन्हा रेघेवर आली तसं तिनं घड्याळ सुरू केलं. पहिली फेरी गप्पा मारल्यासारखी गेली. दुसरीच्या निम्म्यावर पुढचा थांबला, मागचाही थांबला, दोघंही हललीच नाहीत. मग मागचा एकदम वरून खाली आला, चेन कडकडली, टायरांचा सूं आवाज आमच्या अंगावरून गेला आणि दोघं जवळजवळ बरोबरच रेघ ओलांडून गेली. कोण जिंकलं ते मला दिसलं नाही. तिनं फोन माझ्यापुढे धरला. एक मिनिट अठ्ठावन्न.

"रद्द," ती म्हणाली.

"अजिबात नाही," मी म्हटलं, आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.