छातीला लावलेली भाजी

एक मार्चला सकाळी वेल्समधल्या कुठल्याही प्राथमिक शाळेच्या गेटपाशी उभं रहा, पोरांच्या अंगात लाल रग्बी जर्सी, पोरींच्या डोक्यावर उंच काळी हॅट, खांद्यावर शाल, आणि छातीला पिनेने टोचलेली भाजी. हो, भाजीच! लीक म्हणजे आपली कांद्याची पात जिमला जाऊन आली तर कशी दिसेल तशी. वास नको असलेले लोक पिवळं डॅफोडिलचं फूल लावतात, दिसतं छान, पण मजा लीकचीच. शाळेत पैज लावून कच्चा चावतात तो, आणि रॉयल वेल्श रेजिमेंटमधे तर नव्या सैनिकांना खावाच लागतो.

हे सगळं वेल्सचा रक्षक संत सेंट डेव्हिड याच्यासाठी, एक मार्च हा त्याचा दिवस. सहाव्या शतकातला हा साधू, पेम्ब्रोकशायरच्या टोकाला मठ काढून राहिला, भाकरी, पालेभाजी आणि पाणी एवढंच जेवण, नांगराला बैलसुद्धा नाहीत, शिष्यांनी स्वतः ओढायचा. अशा माणसाच्या नावाने मटण घातलेलं काउल सूप नि मनुकांचे गोड वेल्श केक खायचे म्हणजे जरा गंमतच, पण ते केक तव्यावरून गरम गरम उतरत असतात तेव्हा कोण विचार करतंय. मरताना तो म्हणे एवढंच सांगून गेला की छोट्या छोट्या गोष्टी करत रहा.

सुट्टी मात्र नाही. वेल्सच्या असेंब्लीने 2000 साली एकमताने मागितली, लंडनच्या सरकारने काही दिली नाही, मग 2022 मधे वेल्समधल्याच ग्विनेद काउन्सिलने आपल्यापुरती कर्मचाऱ्यांना देऊन टाकली. मला वाटतं नाहीये तेच बरंय. सुट्टी नाही म्हणून शाळा भरते आणि शाळा भरते म्हणून तिथे आयस्तेद्वोद होतो, म्हणजे गाणी, कविता, नाच यांची स्पर्धा, आणि कित्येक शाळांत सगळ्यात चांगली कविता करणाऱ्या पोराला समारंभाने खुर्चीवर बसवतात, अख्खी शाळा टाळ्या वाजवते. कवीला एवढा मान! सुट्टी असती तर सगळे दहापर्यंत लोळले असते नि मग मॉलमधे सेल.

ऑफिसमधला वेल्श मित्र यावर भडकतो. स्कॉटलंडला त्यांच्या संताची सुट्टी, नॉर्दर्न आयर्लंडला सेंट पॅट्रिकची, आम्हीच काय घोडं मारलंय? त्याचं बरोबरच आहे म्हणा, पण त्याची पोरगी अजून शाळेत जायला लागायचीये.