‘माणूस आवरत नाही, लवकर या’ असा कॉल आला की

१०८ ला असा फोन येतो तेव्हा घरचे पुरते घाबरलेले असतात. आजार मनाचा की आणखी कसला, हे त्यांना सांगता येत नाही आणि दारात उभं राहिल्यावर गाडीतल्या डॉक्टरलाही लगेच कळत नाही. म्हणून समोरचा कितीही बडबडत असला तरी संधी मिळताच आधी ग्लुकोमीटर काढायचा. मधुमेहाचं इंजेक्शन घेतलं, जेवण राहिलं, साखर ७० च्या खाली गेली, तर शांत माणूसही शिवीगाळ करतो. ग्लुकोज चढल्यावर तोच माणूस ‘काय झालं?’ असं विचारतो. मग नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, ताप, डोळ्यांच्या बाहुल्या. गोंधळ काही तासांत एकाएकी सुरू झाला असेल, किंवा वय पन्नाशीपुढचं आणि असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत असेल, तर शरीरातलं कारण शोधायचं. रोज पिणाऱ्याची दारू बंद होऊन दोन-चार दिवस झालेत, हात थरथरतायत, भिंतीवर किडे दिसतायत? या अवस्थेत फिट येऊ शकते, माणूस दगावूही शकतो. ‘शेवटची कधी घेतली?’ हा प्रश्न बायकोला बाजूला घेऊन विचारा, चारचौघांत खरं उत्तर मिळत नाही.

सोलापूरचा एप्रिल-मे वेगळाच. पारा बेचाळीसच्या पुढे, पत्र्याची खोली, आणि रुग्ण लिथियमवर, म्हणजे मूडच्या आजारावरच्या गोळीवर. घाम जातो, पाणी कमी पडतं, रक्तातलं लिथियम वाढतं. उलट्या, झोकांड्या, हातांना मोठा कंप, जड जीभ. घरचे म्हणतात, ‘आजार उलटला, गोळी वाढवा.’ अशा वेळी पुढची गोळी थांबवून सलाईन आणि सिव्हिल हॉस्पिटल. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी घामही कमी येतो, त्यामुळे उष्माघात लवकर गाठतो.

आणखी एक प्रकार हमखास फसवतो. हॅलोपेरिडॉल या मानसिक आजारावरच्या औषधाचं इंजेक्शन किंवा तशीच नवी गोळी सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत मान एका बाजूला पिळवटते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते. रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो. लोक लिंबू-मिरची शोधायला धावतात, पण हा औषधाचा परिणाम आहे. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते.

आता जवळ जाण्याचं. सायरन गल्लीच्या तोंडाशीच बंद. गळ्यातला स्टेथोस्कोप, आयकार्डची दोरी, खिशातली कात्री गाडीत ठेवा. दोन हात अंतर, दार रुग्णालाही मोकळं आणि तुम्हालाही. बोलायचं एकानंच. दहा शेजारी दहा सूचना देत असतील तर त्यांना पाणी आणायला, गाडी लावायला, कशालाही पाठवा. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगूत ‘नीळ्ळू कावाला?’ आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नडमध्ये ‘नीरु बेका?’, म्हणजे ‘पाणी हवं का?’, एवढं विचारता आलं तरी खांदे सैल पडतात. त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांवर वाद घालू नका, होकारही देऊ नका. ‘तुम्हाला ऐकू येतंय, त्याचा त्रास होतोय’ एवढं बास. ‘सिद्धेश्वराच्या दर्शनाला नेतो’ ही थाप तर नकोच. सिव्हिलचं गेट दिसल्यावर तो गाडीतून उडी मारतो आणि पुढच्या वेळी कुणावरच विश्वास ठेवत नाही.

बांधणं हा शेवटचा उपाय, तोही कुणाच्या जिवाला धोका असेल तरच. बांधायचंच तर पाच माणसं हवीत, हातापायाला एकेक आणि डोक्याशी एक. रुंद, मऊ पट्टे वापरा, पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. पट्टा स्ट्रेचरच्या पक्क्या चौकटीला बांधा, वरखाली होणाऱ्या दांड्याला नको. पालथं कधीच नाही. पालथ्या माणसाच्या पाठीवर कुणी बसलं की छाती फुगत नाही, आणि तो गप्प झाला की लोकांना वाटतं शांत झाला. आपल्याकडे चादरीत गुंडाळून आणायची खोड आहे. उन्हाळ्यात झटापट करून तापलेल्या अंगावर जाड सोलापुरी चादर म्हणजे ताप आणखी वाढवणं. शांत करणारं इंजेक्शन दिलं असेल तर असर दिसायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात दुसरं टोचायची घाई नको. रस्ताभर श्वास आणि ऑक्सिजनवर नजर, दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग बघायचा.

‘थेट येरवड्याला सोडा’ हा आग्रह ठरलेला. पुण्याचं ते मनोरुग्णालय अडीचशे किलोमीटरवर, आणि वाटेत साखर पडली तर? आधी सिव्हिल. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मनोरुग्णाला इतर रुग्णांइतकाच ॲम्ब्युलन्सचा हक्क दिलाय, साखळीनं बांधायला बंदी घातलीय, आणि तातडीच्या उपचारांना ७२ तासांची मर्यादा घातलीय. तेव्हा ‘असे पेशंट आम्ही घेत नाही’ हे उत्तर चालत नाही. हातात हत्यार असेल तर मात्र आधी ११२ ला, पोलिसांना फोन, आत शिरायचं नाही.

उंदराचं औषध खाल्लेला रुग्ण ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला तरी त्याला घरी सोडू नका. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट असेल तर पहिला दिवस बरा जातो, यकृत नंतर बसतं. ट्यूब, बाटली, गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घालून सोबत घ्या. सिव्हिलला सोपवताना कागदावर लिहा: काय दिलं, किती, किती वाजता, बांधलं असेल तर कधीपासून, आणि रुग्ण जे बोलला ते त्याच्याच शब्दांत. ‘पेशंट व्हायोलंट’ एवढंच लिहिलं तर ड्युटीवरच्या डॉक्टरला काहीच कळत नाही.