मला कुठला कॅमेरा हवाय ते आज कळलं

आज भिगवणला होडीत मित्राचा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि २००-५०० मिमीची झूम लेन्स हातात धरून बसलो होतो, नुसती लेन्सच दोन किलोच्या वर, फोटो जबरदस्त येतात यात वादच नाही आणि पहाटेच्या कमी उजेडात तर विचारूच नका. पण फ्लेमिंगो उडाले की पंखाखालचा तो लालभडक पट्टा दोन सेकंद दिसतो, तेवढ्यात कॅमेरा डोळ्याला लागला पाहिजे ना!! म्हणून मला मायक्रो फोर थर्ड्स या छोट्या प्रकारातला कॅमेरा हवाय, त्याचा सेन्सर लहान, क्रॉप २ चा, म्हणजे ३०० ची लेन्स फुल फ्रेमवरच्या ६०० सारखी जवळ आणते आणि ओलिंपसची ७५-३०० अर्ध्या किलोच्या आत. अंधारात नॉइज, म्हणजे फोटोत दाणे जास्त येणार, चालेल मला, मी उन्हातच फिरतो. बॉडी सेकंडहँड बघतोय, हात हलला तरी फोटो सांभाळणारं स्टॅबिलायझेशन बॉडीतच हवं, कोणी विकत असेल तर सांगा.