राहुरीला उभी राहिलेली गाडी

मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो, म्हणजे लाइनच्या एका टप्प्यावरच्या सगळ्या गाड्या सांभाळणारा. बाहेरच्यांना वाटतं, गाड्या स्टेशनमास्तर चालवतात. स्टेशनमास्तरला पुढचं एक आणि मागचं एक स्टेशन ठाऊक असतं. अख्खा सेक्शन दिसायचा कंट्रोलरला, आणि तोही तेव्हा कागदावर. चार्टवर आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे पेन्सिलीची एक तिरकी रेघ. एकेरी लाइनवर दोन रेघा जिथे छेदतात तिथे स्टेशनच असावं लागतं, आणि त्या स्टेशनात एक लूप, म्हणजे बाजूची लाइन, रिकामी. कानाला हेडफोन लावून आठ तास हेच जुळवत बसायचं. जुळलेला चार्ट पाहून जे समाधान मिळतं ते दुसऱ्याला सांगून कळत नाही. त्या रात्री मला तेच नडलं.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि आठवड्याभरात सैन्य सीमेकडे निघालं. ‘ऑपरेशन पराक्रम’ हे नाव आम्ही नंतर पेपरात वाचलं. आमच्याकडे यायचा तो फक्त मिलिटरी स्पेशलचा नंबर. रणगाडे असले की ओडीसी, म्हणजे मापाबाहेरचा माल. मग वेग कमी, शेजारच्या लाइनवर गाडी असेल तर वेगळे नियम. त्या रात्रीच्या गाडीवर ट्रक होते आणि मागे जवानांचे डबे. दौंडहून निघून नगर मागे टाकून ती राहुरीला आली होती.

पावणेबाराला डेप्युटी साहेब माझ्या बोर्डापाशी आले. वरून हुकूम होता, ही गाडी नगरला परत आणायची. कारण सांगितलं नाही. मी चार्टावर नजर टाकली. राहुरीच्या लूपमध्ये खडीचे डबे उभे, म्हणजे इंजिन फिरवून दुसऱ्या टोकाला जोडायला जागा नाही. क्रूचे, म्हणजे ड्रायव्हर-गार्डचे, तास संपत आलेले. मागे वांबोरीच्या लूपमध्ये सिमेंटची मालगाडी. समोरून पढेगावला एक मालगाडी, तिच्या मागे मेल. मी म्हणालो, “होणार नाही साहेब. सकाळपर्यंत सगळा सेक्शन बसेल.” त्यांनी मला दुसरा प्रश्न विचारला नाही. वर फोन केला, वरून “बरं” आलं, आणि गाडी मनमाडकडे गेली.

गाडी सुटायच्या आधी राहुरीच्या मास्तरांनी लाइनवर सांगितलं, एक पारनेरचा पोरगा विचारतोय, गाडी अजून किती वेळ थांबेल, बाहेरच्या एसटीडी बूथवरून घरी फोन करून येऊ का? मी म्हटलं, वेळ नाही. सिग्नल दिलाय.

दुसऱ्या दिवशी झोप झाल्यावर जेवणाच्या टेबलावर मी कोरा कागद घेतला. चहा निवायच्या आत उत्तर निघालं. वांबोरीच्या सिमेंटच्या गाडीचं इंजिन सोडवायचं, एकटंच राहुरीला पाठवायचं आणि स्पेशलच्या मागच्या टोकाला जोडायचं. तो क्रू नगरहून नुकताच चढलेला, ताजा होता. सिमेंट रात्रभर लूपमध्ये पडून राहिलं असतं, मेल तासभर उशिरा गेली असती. सव्वातीनला गाडी नगरात. नव्या गड्यालाही सुचावी अशी ही युक्ती, आणि माझी तेव्हा अठरा वर्षं नोकरी झाली होती. मला ती सुचली नाही, कारण मी ती शोधलीच नाही. माझा चार्ट मोडत होता, एवढंच मला दिसलं.

निवृत्तीनंतर १९१४ च्या पहिल्या महायुद्धाबद्दल वाचायला लागलो आणि १ ऑगस्टच्या संध्याकाळपाशी पुस्तक मिटून बसलो. बर्लिनमध्ये पाचच्या सुमारास सैन्य जमवायचा हुकूम निघाला. तेवढ्यात लंडनमधल्या जर्मन राजदूताची तार आली की फ्रान्स कदाचित युद्धाबाहेर राहील. कैसर विल्हेल्मने, म्हणजे जर्मन सम्राटाने, सेनाप्रमुख मोल्टकेला सांगितलं, सगळं सैन्य पूर्वेला, रशियाकडे वळवा. मोल्टके म्हणाला, अशक्य. वर्षभर राबून बसवलेलं वेळापत्रक असं फिरवता येत नाही. कैसर त्याला म्हणाला, तुमच्या काकांनी वेगळं उत्तर दिलं असतं. काका म्हणजे फ्रान्सविरुद्धची १८७० ची लढाई जिंकणारा थोरला मोल्टके.

वेळापत्रक होतंच तसं. सुमारे ११,००० गाड्या. एका कोअरसाठी, म्हणजे सैन्याच्या एका मोठ्या विभागासाठी, १४० गाड्या, ६,०१० डबे. कोलोनच्या पुलावरून जवळजवळ दर दहा मिनिटांना एक गाडी. आणि ही घाई कशासाठी? रशिया सावकाश जमतो, तोवर फ्रान्सला संपवायचं, हाच सगळा हिशेब होता. फ्रान्सच्या कर्जावर रशिया पश्चिमेकडे रेल्वे वाढवत होता. ती १९१७ च्या सुमारास पुरी झाली की हा हिशेब कोसळणार, ही जर्मनांची भीती. तिकडे रशियात ३० जुलैला झारने सर्व सैन्य जमवायला होकार दिला. आदल्या दिवशी त्याने तोच हुकूम ऐनवेळी मागे घेतला होता. म्हणून त्याचा सेनाप्रमुख यानुश्केविच म्हणाला होता की होकार आला की मी फोनच फोडून टाकतो, म्हणजे पुन्हा रद्द करायला कोणी मला गाठणार नाही. ज्याने आयुष्य कंट्रोल फोनवर काढलं त्याला हे वाचून काय वाटलं असेल! परस्परांच्या भीतीने साम्राज्यं एवढी घट्ट बांधली गेली होती की थांबवणारा आवाजच त्यांना संकट वाटत होता.

१ ऑगस्टच्या त्याच संध्याकाळी सातला जर्मन तुकडीने फ्रान्सच्या वाटेवरच्या लक्झेंबर्गमधलं त्र्वाव्हिएर्ज हे छोटं रेल्वे स्टेशन आणि तिथलं तारघर घेतलं होतं. अर्ध्या तासाने मोटारीतून दुसरे सैनिक आले, चूक झाली म्हणाले, पहिल्यांना परत नेलं. लंडनची आशा खोटी निघाली आणि रात्री अकराच्या सुमारास कैसरने मोल्टकेला सांगितलं, आता करा हवं ते.

मला मात्र पुढची गोष्ट सोडत नाही. मोल्टकेचं ‘अशक्य’ जर्मन सैन्याच्या रेल्वे विभागातला जनरल फॉन स्टाब याला इतकं लागलं की युद्धानंतर त्याने पुस्तक लिहिलं आणि तक्ते मांडून दाखवलं की गाड्या वळवता आल्या असत्या. मोल्टके रेल्वेवाला नव्हता. वेळापत्रक रेल्वे विभागाच्या लोकांचं होतं, आणि ते वळेल का याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. मी तर स्वतःच रेल्वेवाला होतो.

माझ्या गाडीमुळे काही बिघडलं नाही. युद्ध झालं नाही, ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागे घ्यायचं ठरलं, तो पारनेरचा मुलगाही परतला असेल असं मी धरून चालतो. पण वरच्या साहेबलोकांना रेल्वे कळत नाही, हे मी तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो. खालून ‘होणार नाही’ आलं की ते तो निसर्गनियम समजतात. त्यांचा शेवटचा दोर कित्येकदा माझ्यासारख्या, रात्रपाळीला कंटाळलेल्या माणसाच्या हातात असतो.

डेप्युटी साहेबांच्या निरोपसमारंभात मी त्यांना तो घरचा चार्ट दाखवला. त्यांनी चष्मा लावून वांबोरीपासून राहुरीपर्यंत बोट फिरवलं आणि मान हलवली. म्हणाले, “होत होतं की रे.” मी विचारलं, तो हुकूम कशासाठी होता? ते म्हणाले, “मला कुठे माहीत. तू नाही म्हणालास, मी वर तेच कळवलं.”