शाम्पूतला हात

सकाळी सईचं डोकं धुताना ती म्हणाली, "आत्या, दाबू नकोस गं, नुसता शाम्पू लाव." मी हात आखडता घेतला. बोलले काही नाही, पण दिवसभर ते मनातून जाईना.

दाबू नकोस, शाम्पू लाव! अगं, शाम्पू म्हणजे दाबणंच होतं. हिंदीतलं 'चांपना' म्हणजे चेपणं, रगडणं. त्यातल्या 'चांपो'चा इंग्रजांनी शाम्पू केला. 1762 पासून तो त्यांच्या लिखाणात सापडतो आणि तेव्हा त्याचा अर्थ अंग चेपून देणं एवढाच. फेसाचं तेव्हा नावही नव्हतं.

पाटण्यात जन्मलेला शेख दीन महंमद 1784 मध्ये आयर्लंडला गेला. 1810 मध्ये लंडनला काढलेलं हिंदुस्तानी कॉफी हाऊस दोनच वर्षांत बुडालं. मग ब्रायटनला समुद्राकाठी त्याने वाफेची न्हाणी थाटली. माणसाला वाफेत बसवायचं, भोवती फ्लॅनेलचा तंबू, तंबूला शिवलेल्या बाह्या. त्या बाह्यांतून हात आत घालून अंग रगडायचं. डोळ्यांना काही दिसत नाही, कुठे दुखतंय ते हातालाच कळतं. हे मी पुन्हा पुन्हा वाचते. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम, दोघा राजांनी त्याला शाम्पूइंग सर्जन नेमलं.

1851 मध्ये तो ब्रायटनलाच वारला. पुढच्या वीसेक वर्षांत शाम्पू म्हणजे डोकं धुणं झालं, नंतर तो बाटलीत गेला. त्यातला हात नेमका कधी गळला?

दुपारी उगाच भरून आलं. आईचे पाय चेपायचे मी, तेव्हा ती... जाऊ दे. आता या हातांचं कुणाला काही पडलेलं नाही, असंच वाटत राहिलं.

पण सईचं तरी काय चुकलं? तिला केस धुऊन हवेत, सव्वासातला बस येते. आणि दीन महंमदने तरी शब्द जपायला कुठे नेला होता, पोटासाठीच नेला की.

त्याचा नातू, फ्रेडरिक अकबर महंमद, लंडनच्या गायज हॉस्पिटलात डॉक्टर होता. मनगटावर यंत्र लावून नाडीची नोंद घेत त्याने वाढलेल्या रक्तदाबाचा माग काढला. दाब ओळखणं त्या घराण्यात राहिलं म्हणायचं. हे वाचलं, तेव्हा कुठे रात्री चार घास गेले.