सेनिओ नदीतील दुसरी फेरी

नाशिकहून पुण्याला जाताना संगमनेर आले, की मला दर वेळी तेथून जवळच असलेल्या निमज गावची आठवण होते. नामदेव जाधव या गावचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतील या शिपायाला दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते.

९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदी ओलांडण्याचा हुकूम सुटला. नदीला दोन्ही काठांनी पुराचे पाणी अडवणारे उंच मातीचे बांध होते आणि त्या बांधांतच खंदक खोदून जर्मन सैनिक दबा धरून बसले होते. जाधव कंपनीचे निरोप्या म्हणून कंपनी कमांडरसोबत होते. आघाडीची तुकडी पाण्यातून पश्चिमेच्या काठावर पोहोचताच तिच्यावर मशीनगनचा मारा सुरू झाला. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. जाधव वगळता बाकीचे सर्व ठार झाले.

त्यांनी एका जखमीला उचलले आणि खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग ते दुसऱ्या जखमीसाठी परत गेले. दोन्ही खेपांना उखळी तोफांचा आणि मशीनगनचा मारा चालूच होता.

माझे वडील तोफखान्यातून निवृत्त होऊन देवळालीत स्थायिक झाले. जखमी माणूस अंग सोडून देतो, त्यामुळे तो धडधाकट माणसापेक्षा कितीतरी जड लागतो, असे ते सांगत. पावसाळ्यात नाशिकला गोदावरीचे पाणी नदीतील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले, की मी काठावर उभा राहून ते पाहतो आणि भिजलेल्या गणवेशातील माणूस खांद्यावर घेऊन निसरडा चढ चढणे कसे असेल, याचा अंदाज बांधू पाहतो. पहिली खेप माणूस कदाचित विचार न करता करत असेल. परंतु दुसऱ्या खेपेला सुरुंग कोठे असतील, गोळ्या कोठून येतात आणि सोबतचे किती जण पडले आहेत, हे सारे माहीत असूनही पाण्यात उतरावे लागते. मला जाधवांचे सर्वात मोठे धैर्य येथे दिसते.

शौर्यकथा सांगताना मात्र बहुधा पुढच्या भागावरच भर दिला जातो. तोही थोर आहे, यात शंका नाही. मेलेल्या सोबत्यांचा सूड घेण्याच्या निर्धाराने ते तिसऱ्यांदा गेले आणि सर्वात जवळचा मोर्चा त्यांनी टॉमीगनने गप्प केला. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून देऊन त्यांनी हातबॉम्बनी आणखी दोन मोर्चे उद्ध्वस्त केले. मधे एकदा बॉम्ब संपले, तर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या उतारावरील सोबत्यांकडून नवे घेतले.

त्यानंतर ते बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहिले. उखळी तोफांचा मारा अजून थांबला नव्हता. मराठ्यांची युद्धगर्जना करत, हात हलवत, त्यांनी मागे अडकलेल्या कंपन्यांना नदीपार बोलावले. पलटणीला पलीकडचा काठ मिळाला. महायुद्धानंतर जवळपास चार दशके जगून १९८४ मध्ये ते वारले.