तीन पेडांचं दावं

पोळा आठ दिवसांवर आला की आबाजी ओसरीत वाख घेऊन बसत. वाख मागच्या सालच्या अंबाडीचा. पऱ्हाटीच्या धुऱ्यावर पेरलेली, नाल्यात कुजवून सोललेली. तीन पेड एका बाजूला पिळायचे आणि मग तिघांना मिळून उलट बाजूला वळायचं. पेड उलगडायला जातो तो दोर आवळतो, दोर सुटायला पाहतो तो पेड आवळतात. एक टोक धरून माझे हात भरून येत. म्हणून एकदा विचारलं, ‘‘एकच जाड पेड केला तं?’’

‘‘येका पेडाचा दोर नसते गा. सोडला का झाला वाख.’’

पुढे बी.ए.ला संस्कृत घेतलं. तोवर ‘गुण’ म्हणजे गुणपत्रिकेतले, आणि ते माझ्याकडे बेताचेच. सत्त्व, रज, तम म्हणजे स्वभावाचे तीन प्रकार, असं पाठ करून पास झालो. मग कितीतरी वर्षांनी मोनियर-विल्यम्सचा १८९९चा कोश चाळताना ‘गुण’ला पहिलाच अर्थ दिसला: दोराचा पेड. धनुष्याची दोरीही गुणच. द्विगुण, त्रिगुण म्हणजे दोन पेडी, तीन पेडी. आपला गुणाकारही त्याच घरातला.

मग सांख्यकारिका, म्हणजे सांख्य दर्शनाचा जुना श्लोकग्रंथ, पुन्हा काढली. बारावी कारिका म्हणते, सत्त्व, रज, तम हे तिघे एकमेकांना दाबतात आणि एकमेकांच्या आधारानेच राहतात. म्हणजे ओसरीतला उलटा पीळच की! वैशेषिक या दुसऱ्या दर्शनातला गुण वेगळा; रंग, चव असा वस्तूला चिकटलेला. सांख्यांची प्रकृती, म्हणजे जगाचं मूळ द्रव्य, मात्र या तिघांचीच बनलेली. पेड काढून घेतले तर मागे दोर नावाचं काही उरत नाही. ‘स्वभावाचे प्रकार’ म्हटल्यावर हे सगळं हातातून निसटतं.

सोळाव्या शतकातला सांख्यांचा भाष्यकार विज्ञानभिक्षू तर सरळ गोठ्यातच शिरतो. पुरुष, म्हणजे आत्मा, हा पशू, त्याला बांधणारी तीन पेडांची दोरी हे तिघे वळतात, म्हणून यांना गुण म्हणायचं. वाचलं आणि आमचा चांद्या बैल आठवला. नवं दावं बांधलं की पहिल्याच रात्री चघळून ठेवायचा.

आता अंबाडी भाजीपुरती लावतो. यंदा बाजारात नायलॉनचा दोर घेतला, टोक उसवून पाहिलं. तीनच पेड. दुकानदार वैतागला, ‘‘भाऊ, मीटरनं देऊ का किलोनं?’’